जांभूळ फुलण्याआधीचे चाळीस दिवस

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या डोंगरांतला पाऊस नुकताच सरलेला असेल. पठारांवरचा सोनकीचा पिवळा बहर ओसरत आलेला असेल, गवत वाळू लागलेलं असेल. अशा दिवसांत घरामागच्या परड्यात, शेताच्या बांधावर, झाडाच्या आडोशाला ठेवलेल्या मधपेट्यांची झाकणं पावसाच्या धास्तीशिवाय उघडली जाऊ लागतात. जांभूळ फुलायला अजून चार महिने अवकाश असतो. तरीही वसंतातल्या मधाची तयारी सुरू होते ती याच दिवसांत, दिवाळीच्या आगेमागे.

बाटलीतला मध पाहणाऱ्याला वाटतं, फुलं आली, माश्या गेल्या, मध झाला. मधपाळाचा हिशेब वेगळा असतो. झाडाला फुलोरा आला त्याच आठवड्यात पेटीत उडत्या माश्यांची भरपूर संख्या हजर नसेल, तर त्या पेटीपुरता तो फुलोरा वाया जातो. ही संख्या ऐनवेळी उभी करता येत नाही, विकत आणता येत नाही. ती आधीच्या महिन्यांत, अंड्याअंड्याने वाढवावी लागते. मधाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक शुद्धतेबद्दल आणि भावाबद्दल. मध काढण्याआधीच्या या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मधमाशीपालन टिकतं की मोडतं, ते मात्र तिथेच ठरतं.

पावसाळा हाच हिवाळा

थंड देशांतल्या मधपाळाचं वर्ष हिवाळ्याभोवती फिरतं. बर्फाच्या महिन्यांत माश्या एकमेकींना बिलगून, साठवलेला मध खात ऊब धरून राहतात आणि बर्फ वितळलं की वसंताची लगबग सुरू होते. सह्याद्रीच्या माथ्यावर मधमाशीची परीक्षा घेतो तो पाऊस. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दिवसचे दिवस धुकं उठत नाही. माशीला बाहेर पडता येत नाही आणि पडलीच तरी मकरंद धुऊन गेलेला असतो. घरात येणारं अन्न थांबलं की राणी अंडी घालणं कमी करते. जुन्या माश्या मरत राहतात, नव्या पुरेशा जन्मत नाहीत आणि मे महिन्यात भरभरून नांदणारी वसाहत आकसत जाते.

या काळात मधपाळ साखरेचा पाक देऊन पेटी जगवतो. दोन भाग साखर आणि एक भाग पाणी, असा दाट पाक. तो द्यायचा संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, पेटीच्या आत आणि थेंबही बाहेर सांडू न देता. दिवसाउजेडी पाकाचा वास सुटला तर शेजारच्या दणकट पेटीतल्या माश्या कमजोर पेटीवर तुटून पडतात, अन्न लुटून नेतात आणि त्या मारामारीत कमजोर वसाहत संपते.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू म्हणजे मेणकिडा. माश्यांची संख्या घटली की पोळ्याचा काही भाग उघडा पडतो. तिथे मेणपतंग अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या मेण पोखरत, रेशमी जाळ्यांचे बोगदे विणत पोळंभर पसरतात. त्यांच्यापुढे पेटीत नांदणारी आपली सातेरी माशी फार काळ झुंजत नाही. एके दिवशी सगळी वसाहत राणीसह घर सोडून निघून जाते आणि मागे रिकामी पेटी उरते. पेटीचा तळपाट दर काही दिवसांनी झाडून स्वच्छ ठेवणं हे दिसायला साधं काम, पण तळाशी पडलेल्या मेणाच्या चुऱ्यातच हा किडा वाढतो. भर पावसात ज्याने तळपाट झाडला, त्याच्या पेट्या दिवाळीला जिवंत सापडतात.

सातेरी आणि तिचं घर

आपल्याकडच्या मधमाश्यांमध्ये आग्या माशी कड्यांवर आणि उंच झाडांवर एकच मोठं उघडं पोळं बांधते. फुलोरी माशीचं छोटं पोळं झुडपात लटकतं. या दोघींना पेटीत नांदवता येत नाही. सातेरी अंधारात राहणारी आहे. झाडाची ढोली, जुनी वारुळं, दगडी बांधातल्या पोकळ्या अशा जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणूनच ती पेटीत रमते. चौथी मेलिफेरा. ही मूळची परदेशी, १९६०च्या दशकात कांगडा भागात नगरोटा इथे तिचं बस्तान बसलं आणि पुढे ती उत्तर भारतभर पसरली. मेलिफेराची पेटी मध जास्त देते. सातेरीची वर्षाला पाच-दहा किलो देते. पण सह्याद्रीतला पाऊस, इथली विखुरलेली फुलं आणि इथले शत्रू सातेरीच्या अंगवळणी पडलेले आहेत. जगभर मेलिफेराच्या वसाहती पोखरणारा व्हरोआ नावाचा कोळी मुळात सातेरीच्याच अंगावरचा. तिने त्याच्यासोबत जगणं कधीच शिकून घेतलं आहे. माश्या एकमेकींच्या अंगावरून तो वेचून काढतात.

पेटीमागची कल्पना अमेरिकेतल्या लॅंगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाची. १८५१ साली त्याने हेरलं की दोन पोळ्यांमध्ये आणि पोळं व भिंतीमध्ये साधारण आठ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवली, तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत, ये-जा करायला मोकळी ठेवतात. यामुळे पोळं चौकटीत बांधून घेता येऊ लागलं, सुटं बाहेर काढता येऊ लागलं आणि न मोडता परत ठेवता येऊ लागलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तिरुचिरापल्लीत फादर न्यूटन यांनी आपल्या छोट्या माशीला साजेशी छोटी पेटी तयार केली. त्याआधी मध मिळवायचा म्हणजे पोळं जाळायचं, कापायचं, अंड्यापिल्लांसकट पिळायचं. सुट्या चौकटीने ही हिंसा अनावश्यक ठरवली. वर्ध्यात १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तेव्हा त्याच्या कार्यक्रमात मधमाशीपालनाला जागा मिळाली ती याच कारणाने.

महाराष्ट्रात या कामाचं केंद्र झालं महाबळेश्वर. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय तिथे आहे आणि मधपाळांची ‘मधुसागर’ ही सहकारी संस्थाही तिथलीच. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था काम करते आहे. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पाठोपाठ भुदरगड तालुक्यातल्या पाटगावने तोच मार्ग धरला. या गावांत पेटी हा घरच्या जनावरांइतकाच रोजच्या देखरेखीचा भाग आहे.

पेटी उघडली की काय दिसतं

दिवाळीनंतरची पहिली नीट तपासणी उन्हं वर आल्यावर करतात. दव सुकलेलं असावं, वारा पडलेला असावा लागतो. मधपाळ पेटीच्या दाराशी उभा राहत नाही, बाजूला राहतो, म्हणजे माश्यांची वाट अडत नाही. झाकण उचलून धुराडीतून दोन-तीन हलके झोत सोडतो. मग एक चौकट अलगद सैल करून सरळ वर उचलतो. ती धरायची पेटीच्याच डोक्यावर. राणी पोळ्यावरून घसरली तरी घरातच पडावी, यासाठी.

सूर्य पाठीशी घेऊन पोळं थोडं तिरकं केलं की घरांचे तळ उजळतात. तिथे, प्रत्येक घराच्या तळाशी एक, याप्रमाणे अंडी दिसतात. तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरीशुभ्र. पहिल्या दिवशी अंडं तळावर सरळ उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं होतं आणि मग त्यातून अळी बाहेर येते. म्हणूनच जाणता मधपाळ राणी शोधण्यात वेळ घालवत नाही. उभं अंडं दिसलं की कळतं, गेल्या चोवीस तासांत राणी इथे येऊन गेली आहे. घरांमागून घरं सलग भरलेली असतील तर राणी जोमात आहे. मधेमधे रिकामी घरं दिसू लागली, एकाच जागी अंडी, अळ्या आणि कोष यांची सरमिसळ झाली, तर राणी म्हातारी झाली किंवा रोग शिरला अशी शंका घ्यायची.

रोगांपैकी सर्वांत धास्तीचा थाय सॅकब्रूड. या विषाणूने अळी पाण्याच्या पिशवीसारखी फुगते, डोकं वर करून घरातच मरते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या रोगाने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या होत्या. त्यावर औषध नाही. दणकट वसाहतींपासून पुढची पैदास करणं, रोगट पेटीतली चौकट निरोगी पेटीत न फिरवणं आणि गरज पडल्यास राणीला काही दिवस पिंजऱ्यात ठेवून अंड्यांचा क्रम तोडणं, एवढेच मार्ग मधपाळाच्या हाती आहेत.

पहिल्या तपासणीत तीन निर्णय होतात. काळी पडलेली जुनी पोळी काढायची. सातेरीला ती नकोशी असतात आणि मेणकिड्याला हवीशी. रिकाम्या चौकटी माश्यांच्या बळाच्या मानानेच ठेवायच्या, कारण जेवढं पोळं माश्या झाकू शकतात तेवढंच त्या राखू शकतात. आणि दोन अगदी दुबळ्या वसाहती असतील तर त्या एकत्र करायच्या. यासाठी एक राणी काढून घेतात आणि एका कोठीवर दुसरी कोठी ठेवून मधे बारीक भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालतात. माश्या तो कुरतडतात तोवर दोन्ही घरांचा वास एक होतो आणि त्या भांडत नाहीत. दोन मरतुकड्या पेट्या हिवाळाभर ओढत नेण्यापेक्षा एक निरोगी पेटी माघात हाती असलेली बरी, हे नव्या माणसाला पटवणं अवघड जातं. पेट्या मोजायची सवय त्याला लागलेली असते. माश्या मोजायची सवय लागायला एक वसंत जावा लागतो.

संक्रांतीपर्यंत मागे मोजायचं

महाबळेश्वरच्या माथ्यावर जांभूळ जोरात फुलतं ते मार्च-एप्रिलमध्ये. पाठोपाठ गेळा, हिरडा, अंजन. वर्षाची खरी कमाई याच दोन-तीन महिन्यांत व्हायची असते. आता मधपाळाचं गणित पाहा.

सातेरीचं अंडं तीन दिवसांनी उबतं. अळीची वाढ होते, घर मेणाने बंद होतं, आत कोष होतो आणि अंडं घातल्यापासून साधारण एकोणीस-वीस दिवसांनी कामकरी माशी बाहेर पडते. पण ती लगेच फुलावर जात नाही. आधी ती घरं साफ करते, मग अळ्यांना भरवते, मेण पाझरवून पोळं बांधते, आलेला मकरंद साठवते, दारावर पहारा देते. ही घरकामं करता करता दोन-तीन आठवडे जातात आणि त्यानंतर ती बाहेरच्या कामाला लागते. म्हणजे अंडं घातल्यापासून पहिला मकरंद आणेपर्यंत सुमारे चाळीस दिवस. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जांभळावर उडणारी माशी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं अंडं असते. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत राणीने किती अंडी घातली, त्यावर मार्चमधला मध ठरतो. फुलं आल्यावर सुरू केलेली धावपळ जांभळाला उपयोगी पडत नाही. तिचा फायदा झालाच तर हिरड्याला होतो.

म्हणून डिसेंबर-जानेवारीत राणीला अंडी घालायला प्रवृत्त करावं लागतं. राणी स्वतःच्या मनाने अंडी वाढवत नाही. घरात पराग आणि मकरंद येतो आहे असं दिसलं की दाया माश्या तिला अधिक भरवतात आणि मग ती अधिक अंडी घालते. ज्या भागात थंडीत फुलं कमी, तिथे मधपाळ आता पातळ पाक देतात. साखर आणि पाणी समप्रमाणात, रोज थोडाथोडा. पावसाळ्यातला दाट पाक पोट भरण्यासाठी होता. हा पातळ पाक फुलोऱ्याची चाहूल देण्यासाठी असतो. पण अळ्या वाढतात त्या परागावर, पाकावर नव्हे. रानात पराग नसताना नुसत्या पाकाने अंडी वाढवली तर अळ्यांना भरवायला प्रथिनं नसतात आणि वसाहत आतून खचते. त्यामुळे पाकाचं भांडं हातात घेण्याआधी मधपाळ पेटीच्या दाराकडे पाहतो. परतणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे पिवळे, केशरी, करडे गोळे दिसले, तरच पाक कामाचा.

भरलेलं घर फुटू पाहतं

फेब्रुवारीत वसाहत वाढली की नवी काळजी सुरू होते. घर भरलं की माश्यांना दुसरं घर थाटावंसं वाटतं. त्याची पहिली खूण म्हणजे नरांची घरं. सातेरीच्या नराचं घर बंद होतं तेव्हा त्याच्या फुगीर झाकणाला मधोमध एक बारीक छिद्र असतं. कामकऱ्यांच्या घरांना ते नसतं. अशी छिद्रांची झाकणं वाढली आणि पाठोपाठ पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची लांबोळी घरं लोंबू लागली, की जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन कोणत्याही उन्हाच्या दिवशी बाहेर पडणार हे पक्कं. असं जांभळाच्या तोंडावर झालं तर हंगाम गेला.

इथे मधपाळाला निवड करावी लागते. पेट्या वाढवायच्या असतील तर त्याने जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला स्वतःच वसाहत विभागायची. अर्ध्या चौकटी आणि जुनी राणी नव्या पेटीत घालायची, उरलेल्या माश्यांना राणीचं एक चांगलं घर द्यायचं. राणी पंधरा-सोळा दिवसांत तयार होते, पण तिने उंच उडून अनेक नरांशी संग करून परतणं आणि अंडी घालू लागणं यात आणखी काही दिवस जातात. मधच हवा असेल तर राणीची घरं वेळोवेळी काढून टाकायची आणि घर मोठं करून द्यायचं. दोन्ही एकाच पेटीतून एकाच वसंतात मिळवण्याची हाव बहुधा दोन्ही घालवते.

घर मोठं करणं म्हणजे वरची मधकोठी चढवणं. खालच्या कोठीतल्या जवळजवळ सगळ्या चौकटी माश्यांनी गच्च झाकलेल्या दिसल्या, चौकटीच्या माथ्यावर ताजं पांढरं मेण लावलेलं दिसलं, की वेळ आली. आधी चढवली तर थंड रात्रीत ऊब वर निघून जाते आणि पिल्लं गारठतात. उशिरा चढवली तर घर फुटतं. मधकोठीत गेल्या वर्षी जपून ठेवलेली बांधलेली पोळी घालता आली तर सोन्याहून पिवळं. किलोभर मेण पाझरायला माश्यांना कितीतरी किलो मध खर्चावा लागतो आणि तो सगळा वाचतो.

आणि मधकोठी चढवण्याआधी पाक पूर्ण थांबवायचा. हा नियम मोडला तर साखर वर साठते आणि बाटलीत जाते. मधाच्या शुद्धतेचा प्रश्न प्रयोगशाळेत उघड होतो, पण तो निर्माण होतो इथे, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी. चांगला मधपाळ या बाबतीत तडजोड करत नाही. तो पोळ्यावरची बहुतेक घरं मेणाने बंद होईपर्यंतही थांबतो. त्यामुळे मधातलं पाणी वीस टक्क्यांखाली उतरतं आणि मध आंबत नाही. मग झाकणं सुरीने कापून चौकटी यंत्रात फिरवतात. मध उडून बाहेर येतो, पोळं शाबूत राहतं आणि त्याच दिवशी माश्यांना परत मिळतं. खालच्या कोठीतल्या मधाला हात लावत नाहीत. तो येणाऱ्या पावसाळ्याचा शिधा असतो.

पेटीबाहेरची तयारी

सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या परिघात फिरते. म्हणजे पेटीचं खरं कुरण एका गावाच्या शिवाराएवढं असतं. त्या वर्तुळात जे घडतं ते पेटीत उमटतं आणि त्यावर एकट्या मधपाळाचा ताबा नसतो.

महाबळेश्वरातच पाहा. हिवाळ्यात इथे स्ट्रॉबेरी फुलते. स्ट्रॉबेरीच्या अंगावर दिसणारी प्रत्येक बी म्हणजे एक स्वतंत्र फळ. जितक्या बियांना पराग मिळतो, तितक्या ठिकाणचा गर फुगतो. पराग कमी मिळाला की फळ वाकडं, आखूड येतं आणि बाजारात मागे पडतं. बांधावरची सातेरीची पेटी शेतकऱ्याला सरळ, भरदार फळ देते आणि स्ट्रॉबेरीचं शेत पेटीला पडत्या काळात पराग देतं. पण त्याच शेतात भर दुपारी कीटकनाशकाचा फवारा उडाला, तर चाळीस दिवस वाढवलेल्या माश्या एका दुपारीत संपतात. जालना-बुलढाण्याकडच्या कांदा बियाण्याच्या पट्ट्यातही तेच. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि त्याच फुलाची स्त्रीबाजू नंतर पिकते, म्हणून एका फुलाचा पराग दुसरीकडे नेणारी माशी लागतेच. तरी फुलोऱ्यात फवारणी होते आणि मग बी भरलं नाही म्हणून शेतकरी हळहळतो. सूर्य मावळल्यावर फवारणं, फुलोऱ्यात शक्यतो टाळणं आणि आदल्या दिवशी शेजारच्या मधपाळाला सांगणं, एवढ्याने पुष्कळ माश्या वाचतात. सांगावा मिळाला तर तो रात्रीच पेटीचं दार बंद करू शकतो.

दुसरा प्रश्न झाडांचा. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, याचा तिथल्या जांभूळ-हिरड्याला आधार आहे. पण सह्याद्रीच्या इतर डोंगरांत खाजगी रानं तुटतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात आणि ढोल्या असलेली जुनी झाडं सर्वांत आधी जातात. ढोली गेली की रानातली सातेरी जाते. पेटीतल्या राणीला दूरच्या वसाहतींतले नर मिळण्यासाठीही रानातली सातेरी टिकायला हवी. मधपेट्या वाटण्याच्या योजना येत असतात आणि त्या यायला हव्यात. पण जिथे वर्षभराच्या फुलांचा हिशेब मांडलेला नाही, जिथे पहिल्या पावसाळ्यात शिकवायला कुणी सोबत नाही, तिथे वाटलेली पेटी पुढच्या दिवाळीला रिकामी सापडते. पेटीबरोबर एका अनुभवी मधपाळाची वर्षभराची साथ देणं, ही योजनेची पहिली अट असायला हवी.

तिसरी बाजू आपली, मध विकत घेणाऱ्यांची. जांभळाचा मध गडद असतो, त्याला किंचित तुरटपणा असतो. हिरड्याचा वेगळा, आणि सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचा आणखी वेगळा. वर्षभर एकाच रंगाचा, एकाच चवीचा आणि स्वस्तातला मध हवा असा हट्ट धरला, तर या मधपाळांना बाजारात जागा उरत नाही. थंडीत मध थिजला म्हणून भेसळीचा संशय घेणंही चुकीचं आहे. थिजणं हा मधाचा स्वभावच आहे.

पाक कधी द्यायचा, कधी थांबवायचा, घर कधी वाढवायचं, हे सह्याद्रीतल्या मधपाळांना उत्तम कळतं. त्यांच्या हातात नसतं ते शिवारातलं फवारणीचं वेळापत्रक, डोंगरावरचं जांभूळ आणि ग्राहकाची समज. ग्राहकाने मधाला हंगाम असतो हे मान्य करावं, शेजाऱ्याने फवारणीची वेळ पाळावी आणि गावाने जुनी झाडं राखावीत. वसंताच्या तयारीतला हा वाटा आपला आहे आणि तोही जांभूळ फुलण्याआधीच उचलावा लागतो.